एंडोटॉक्सिन पचवणारा आणि साल्मोनेलाने मरणारा उंदीर : सी३एच/एचईजे वंशाचे प्रकरण

प्रकरणाचे स्वरूप

सी३एच/एचईजे आणि सी३एच/एचईएन हे प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या उंदरांचे दोन अगदी जवळचे वंश आहेत. दोन्ही एकाच मूळ वंशातून फुटलेले असून रंगरूपावरून त्यांच्यात फरक करता येत नाही. दोघांनाही शुद्ध केलेल्या एंडोटॉक्सिनची, म्हणजे काही जिवाणूंच्या शरीराचाच भाग असलेल्या विषाची, सारखीच मोठी मात्रा टोचली, तर एचईएन उंदीर काही तासांत अंग आखडून कोपऱ्यात बसतो, त्याचे केस पिंजारतात, त्याला जुलाब लागतात, अंग गार पडत जाते आणि पुढच्या एक-दोन दिवसांत तो मरतो. एचईजे उंदीर मात्र त्याच मात्रेनंतर पिंजऱ्यात हिंडत-खात राहतो. एवढे पाहून कोणीही म्हणेल की एचईजे हा काटक वंश आहे. पण दुसऱ्या प्रयोगात शुद्ध विषाऐवजी तेच विष अंगावर बाळगणारे जिवंत साल्मोनेला टायफिम्युरियम जिवाणू थोड्या संख्येने टोचले की चित्र पूर्ण उलटते. एचईएन उंदीर संसर्ग आटोक्यात आणून जगतात, आणि एचईजे त्याहून कितीतरी कमी जिवाणूंनीसुद्धा दगावतात.

या दोन निष्कर्षांची संगती लावणे हाच या प्रकरणाचा गाभा आहे. एकाच जनुकातल्या डीएनएच्या एकाच अक्षराच्या बदलापर्यंत तो माग पोचायला तीस वर्षांहून अधिक काळ लागला. या अभ्यासाचे महत्त्व एका ग्राहीचा, म्हणजे बाहेरचा रेणू ओळखून पेशीला संकेत देणाऱ्या प्रथिनाचा, शोध लागला एवढ्यापुरते नाही, असे माझे मत आहे. प्राण्याला मारणारा प्रतिसाद आणि त्याला वाचवणारा प्रतिसाद यांचे उगमस्थान एकच आहे, आणि कोणता परिणाम दिसेल हे संकेत किती लवकर, किती प्रमाणात आणि कुठे उमटतो यावर ठरते, हे या उंदरांइतके स्वच्छपणे दुसऱ्या कोणत्याच प्रयोगाने दाखवलेले नाही.

विषाचा पूर्वेतिहास

एंडोटॉक्सिनची कल्पना रिचर्ड फायफर यांनी १८९२ च्या सुमारास बर्लिनमध्ये मांडली. ते रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेत पटकीच्या जिवाणूंवर काम करत होते. उष्णतेने मारलेले जिवाणूही गिनीपिगला मारू शकतात, म्हणजे जिवाणूच्या शरीराचाच भाग असलेले आणि उष्णतेने नष्ट न होणारे एखादे विष असले पाहिजे, असा त्यांचा तर्क होता. पुढे हे विष म्हणजे ग्रॅम-ऋण जिवाणूंच्या बाह्य पटलातले लायपोपॉलिसॅकराइड, थोडक्यात एलपीएस, असल्याचे स्पष्ट झाले. फ्रायबुर्ग येथील माक्स प्लांक संस्थेत ओटो वेस्टफाल, ओटो लुडेरित्स आणि ख्रिस गॅलानोस यांनी केलेल्या कामातून त्याचा विषारी भाग लिपिड ए नावाचा मेदयुक्त तुकडा असल्याचेही कळले.

मात्र हे विष विषासारखे वागत नाही. ते पेशींना थेट मारत नाही. पेशी त्याला जो प्रतिसाद देतात त्याने प्राणी मरतो. हे दाखवण्याच्या कामी एचईजे उंदीर फार उपयोगी पडले. १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात कावाकामी आणि अँथनी सेरामी यांनी एंडोटॉक्सिन टोचलेल्या संवेदनक्षम उंदरांचे रक्तद्रव काढून ते एचईजे उंदरांना दिले. एचईजेवर एंडोटॉक्सिनचा परिणाम होत नसल्याने त्या द्रवात उरलेले एंडोटॉक्सिन बाजूला पडले, आणि तरीही मेदाचे विघटन करणाऱ्या विकराची क्रिया घटलेली दिसली. म्हणजे दात्या उंदराच्या पेशींनी स्वतः तयार केलेले काहीतरी त्या द्रवात होते. त्या पदार्थाचा पाठपुरावा करताना ब्रूस ब्यूटलर यांनी जे प्रथिन शुद्ध केले, ते टीएनएफ, म्हणजे दाह घडवणारे एक संकेत-प्रथिन होय. १९८५ मध्ये ब्यूटलर, मिल्सार्क आणि सेरामी यांनी दाखवले की टीएनएफविरोधी प्रतिपिंडे आधी दिली तर एंडोटॉक्सिनच्या मारक मात्रेपासून उंदरांचे बऱ्याच अंशी रक्षण होते.

एंडोटॉक्सिनमुळे पेशी टीएनएफ सोडतात आणि टीएनएफमुळे आघात (शॉक) होतो, इथपर्यंतची साखळी आता स्पष्ट होती. तिची पहिली कडी, म्हणजे एंडोटॉक्सिन आल्याचे पेशीला कळते कसे, ही मात्र अज्ञात होती. आणि एचईजे उंदरात नेमकी तीच तुटलेली होती.

वंशाची वंशावळ

सी३एच हा वंश लिओनेल स्ट्राँग यांनी १९२० मध्ये केलेल्या संकरातून आला. वॉल्टर हेस्टन यांच्याकडची शाखा अमेरिकेच्या मेन राज्यातील बार हार्बर येथे, जॅक्सन प्रयोगशाळेत गेली. नावातला ‘एचई’ हेस्टन यांचा आणि ‘जे’ जॅक्सनचा. त्याआधीच इतरत्र गेलेल्या शाखांमध्ये, उदाहरणार्थ अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांमधील एचईएन शाखेत, एंडोटॉक्सिनला प्रतिसाद देण्याची क्षमता शाबूत आहे. त्यावरून १९६० च्या आसपास कधीतरी जॅक्सनमधील वसाहतीत उत्परिवर्तन आपोआप घडले आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या अंतःप्रजननाने ते सगळ्या शाखेत स्थिरावले, असे अनुमान निघते. संसर्गाचा शिरकाव होऊ न देता जपलेल्या वसाहतीत अशा उंदराचे काही बिघडत नाही. तो खातो, वाढतो, पिल्ले देतो. रानात किंवा धान्याच्या कोठारात हेच उत्परिवर्तन किती पिढ्या टिकले असते याची मला शंका आहे.

या वंशावर एंडोटॉक्सिनचा परिणाम होत नसल्याची पहिली नोंद १९६५ च्या एका शोधनिबंधात आढळते. १९६८ मध्ये सल्ट्झर यांनी ‘नेचर’मध्ये पांढऱ्या पेशींचा हा प्रतिसाद आनुवंशिक असल्याचे मांडले. १९७४ मध्ये जेम्स वॉटसन (डीएनएच्या रचनेशी जोडलेले वॉटसन वेगळे) आणि रॉय रिब्लेट यांनी संकरांच्या आधारे हा दोष एकाच जनुकीय स्थानामुळे असल्याचे दाखवले, आणि १९७८ पर्यंत ते स्थान चौथ्या गुणसूत्रावर असल्याचे कळले. त्याला ‘एलपीएस’ हेच नाव मिळाले. सत्तरच्याच दशकात सी५७बीएल/१०एससीसीआर या पूर्णपणे वेगळ्या वंशातही असाच बधिरपणा सापडला, आणि दोन्ही वंशांचा संकर केला असता पिल्लेही बधिरच निघाली. दोष दोन वेगवेगळ्या जनुकांत असते तर एकाने दुसऱ्याची उणीव भरून काढली असती. तसे झाले नाही, म्हणून दोन्ही वंशांत एकच जनुक बिघडले होते. पुढे हा दुसरा वंश फार मोलाचा ठरणार होता.

दोष कोणत्या पेशींत आहे, याचे उत्तर १९८० मध्ये अस्थिमज्जेच्या अदलाबदलीने मिळाले. किरणोत्सर्गाने स्वतःची मज्जा नष्ट केलेल्या एचईजे उंदराला एचईएनची मज्जा दिली तर तो एंडोटॉक्सिनने मरू लागला, आणि उलट अदलाबदलीत एचईएनला एचईजेची बधिरता आली. अर्थात एंडोटॉक्सिनने येणारा मृत्यू रक्तपेशींच्या कुळातून, मुख्यतः मॅक्रोफेज या भक्षकपेशींतून सुरू होत होता.

जिवंत जिवाणूंचा पुरावा

त्याच वर्षी, १९८० मध्ये, ओब्रायन आणि रोझेनस्ट्राइख यांच्या गटाने साल्मोनेलाचा प्रश्न याच जनुकीय स्थानाशी जोडला. इथे एक गुंतागुंत होती, आणि तिची काळजी घेतल्यानेच हे काम टिकले. उंदरांच्या साल्मोनेला-प्रतिकारावर दुसरे एक जनुकही प्रभाव टाकते. त्या वेळी ते ‘इटी’ नावाने ओळखले जात होते आणि १९९३ मध्ये मॉन्ट्रियलच्या गटाने ते एनरॅम्प-१ म्हणून शोधून काढले. बीएएलबी/सी आणि सी५७बीएल/६ हे सर्वत्र वापरले जाणारे वंश या जनुकाच्या सदोष रूपामुळे साल्मोनेलाला बळी पडतात. सी३एच वंशात मात्र या जनुकाचे रूप निरोगी आहे. एचईजेचा मृत्यू ‘इटी’च्या खात्यावर टाकता येत नव्हता, शिवाय संकरातील पिल्लांमध्ये एंडोटॉक्सिनबाबतची बधिरता आणि साल्मोनेलाने येणारा मृत्यू या दोन गोष्टी बरोबरच उतरत होत्या.

१९८४ मध्ये स्वीडनमध्ये कॅथरिना स्वानबोर्ग एडेन यांच्या सहकाऱ्यांनी मूत्रमार्गाच्या संसर्गात हेच चित्र पाहिले. ई. कोलाय जिवाणू मूत्राशयात सोडल्यावर प्रतिसादक्षम उंदीर ते काही दिवसांत साफ करतात, पण एचईजेच्या मूत्राशयात आणि मूत्रपिंडात जिवाणू रेंगाळतात. या उंदरांच्या लघवीत पू-पेशी, म्हणजे न्यूट्रोफिल, वेळेवर उतरतच नाहीत. मला हा प्रयोग साल्मोनेलाच्या प्रयोगापेक्षाही बोलका वाटतो, कारण इथे प्रश्न मृत्यूचा नसून साध्या सफाईचा आहे, आणि जी गोष्ट घडत नाही ती सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येते.

जनुकाचा माग

१९८० च्या दशकाच्या अखेरीस आणि नव्वदच्या सुरुवातीस पेशीच्या पृष्ठभागावर एलपीएसला बांधणारी प्रथिने हाती येऊ लागली. रक्तातले एलबीपी नावाचे प्रथिन एलपीएसचा रेणू उचलून सीडी१४ या पृष्ठभागावरच्या प्रथिनाकडे सोपवते, हे १९९० मध्ये कळले. पण सीडी१४ पेशीच्या पटलाला केवळ बाहेरून चिकटलेले असते. त्याचा कोणताही भाग पेशीच्या आत जात नाही, त्यामुळे संकेत आत नेणारे आणखी कोणीतरी असणार, हे उघड होते. एलपीएस चिकट असते, अनेक प्रथिनांना चिकटते, त्यामुळे केवळ ‘याला कोण चिकटते’ असा शोध घेऊन खरा ग्राही हाती लागणे अवघड होते. अशा वेळी बिघडलेल्या उंदराकडून जनुकाकडे जाणे हाच खात्रीचा मार्ग होता, जरी तो लांबचा होता.

ब्यूटलर यांनी डॅलस येथील टेक्सास विद्यापीठाच्या साउथवेस्टर्न वैद्यकीय केंद्रात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हा मार्ग धरला. एचईजे आणि प्रतिसादक्षम वंश यांच्या संकरातून पिढ्या वाढवायच्या, प्रत्येक उंदराच्या पोटातून मॅक्रोफेज पेशी काढायच्या, त्यांना थाळीत एलपीएस द्यायचे आणि त्या टीएनएफ सोडतात की नाही हे पाहायचे. मग त्याच उंदराच्या चौथ्या गुणसूत्रावरच्या खुणा तपासून कोणता तुकडा कोणत्या वंशाकडून आला ते नोंदवायचे. खुणेची वाटणी आणि प्रतिसादाची वाटणी जुळत नाही असा प्रत्येक उंदीर शोधाची सीमा थोडी आत सरकवतो. अशा दोन हजारांहून अधिक वाटण्या तपासल्यावर सुमारे २६ लाख अक्षरांचा पट्टा उरला. उंदराचा जीनोम त्या वेळी वाचला गेलेला नव्हता. तो पट्टा जिवाणूंत साठवलेल्या डीएनएच्या तुकड्यांत बांधून, तुकड्यातुकड्याने वाचून, प्रत्येक वाचन ज्ञात जनुकांशी ताडून पाहावे लागत होते. महिनोन्‌महिने हाती लागत होती ती बहुतांशी निकामी झालेली छद्मजनुके. हा पट्टा जनुकांच्या बाबतीत जवळपास ओसाडच होता, आणि नंतर पाहता ते फायद्याचे ठरले, कारण जेव्हा एक खरे जनुक सापडले तेव्हा संशयितांची गर्दी नव्हती.

सप्टेंबर १९९८ मध्ये त्या वाचनात टोल-सदृश ग्राही-४, म्हणजे टीएलआर-४, याचे जनुक दिसले. अलेक्झांडर पोल्टोराक हे पहिले लेखक असलेला निबंध ११ डिसेंबर १९९८ च्या ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला, लेखकांच्या यादीत फ्रायबुर्गचे गॅलानोसही होते. एचईजेमध्ये या प्रथिनाच्या ७१२ व्या जागी प्रोलीनऐवजी हिस्टिडीन हे अमिनो आम्ल आले होते. ८३५ अमिनो आम्लांच्या साखळीतला हा एकच बदल. मात्र असा एखादा बदल निरुपद्रवीही असू शकतो, म्हणून तेवढ्यावर खटला निकाली निघाला नसता. निर्णायक साक्ष दिली ती एससीसीआर वंशाने. त्यात हे जनुकच नव्हते. सुमारे ७४ हजार अक्षरांचा तुकडा जनुकासकट गायब होता. दोन असंबंधित वंश, दोन वेगळ्या प्रकारचे बिघाड, जनुक एकच, लक्षण एकच. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात दानिएल मालो यांचा गट स्वतंत्रपणे त्याच जनुकापर्यंत पोचला होता. त्यांचा निबंध १९९९ च्या सुरुवातीला आला. त्याच वर्षी जपानमध्ये शिझुओ अकिरा यांच्या गटाने टीएलआर-४ मुद्दाम काढून टाकलेले उंदीर तयार केले, आणि तेही एंडोटॉक्सिनबाबत एचईजेसारखेच बधिर निघाले.

या शोधाला दुसऱ्या बाजूने येऊन मिळणारी एक वाट होती. १९९६ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे झुल हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत ब्रुनो लमेत्र आणि सहकाऱ्यांनी दाखवले होते की ‘टोल’ या जनुकात दोष असलेल्या फळमाश्या अ‍ॅस्परजिलस बुरशीच्या संसर्गाने मरतात. १९९७ मध्ये येल विद्यापीठात रुस्लान मेझितोव्ह आणि चार्ल्स जेनवे यांनी माणसातील टोल-सदृश प्रथिन शोधून ते प्रतिकारशक्तीची जनुके जागी करते हे सिद्ध केले होते. ते प्रथिन म्हणजे आजचे टीएलआर-४. फक्त ते काय ओळखते हे त्यांना ठाऊक नव्हते. उत्तर उंदरांनी दिले. २०११ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल ब्यूटलर, हॉफमन आणि राल्फ स्टाइनमन यांना मिळाले तेव्हा मेझितोव्ह आणि २००३ मध्ये निवर्तलेले जेनवे यांच्या वाट्याला काही आले नाही, याबद्दल अनेक प्रतिकारशास्त्रज्ञांनी जाहीर नाराजी व्यक्त केली, आणि ती मला रास्त वाटते.

एक फसवी साक्ष

१९९८ मध्येच दोन गटांनी एलपीएसचा ग्राही टीएलआर-२ आहे असा निष्कर्ष प्रसिद्ध केला होता. मूत्रपिंडाच्या पेशी थाळीत वाढवून त्यांत टीएलआर-२ घातले की त्या एलपीएसला प्रतिसाद देत होत्या. उंदीर सांगत होते टीएलआर-४, थाळी सांगत होती टीएलआर-२. उलगडा २००० मध्ये झाला. बाजारात मिळणाऱ्या एलपीएसमध्ये जिवाणूंच्या लिपोप्रथिनांचे अंश मिसळलेले असत. ते फिनॉल वापरून पुन्हा शुद्ध केल्यावर टीएलआर-२ मार्फत येणारा प्रतिसाद नाहीसा झाला आणि टीएलआर-४ मार्फत येणारा टिकून राहिला. थाळीत टीएलआर-४ काम का करत नव्हते तेही कळले. त्याला एमडी-२ नावाच्या जोडीदार प्रथिनाची गरज असते, ते १९९९ मध्ये जपानमध्ये सापडले, आणि एलपीएसचा रेणू प्रत्यक्षात एमडी-२ च्याच खाचेत बसतो हे २००९ मध्ये कोरियातील गटाने स्फटिकरचनेतून दाखवले.

नैसर्गिक उत्परिवर्तित वंशांवर विसंबताना कोणती काळजी घ्यावी याचा धडा एससीसीआर वंशाने नंतर दिलाच. २००१ मध्ये आढळले की त्यात इंटरल्यूकिन-१२ या प्रतिकारपेशींमधल्या निरोप्या प्रथिनाच्या ग्राहीच्या एका घटकातही स्वतंत्र बिघाड आहे. त्यामुळे त्या वंशाच्या संसर्गविषयक जुन्या निरीक्षणांतले सगळेच दुबळेपण टीएलआर-४ च्या माथी मारता येत नाही. एचईएन आणि एचईजे यांची तुलना अशा दुहेरी दोषापासून मुक्त असल्याने मी या लेखात तिच्यावरच भर दिला आहे.

संकेत तुटला की काय घडत नाही

७१२ वे प्रोलीन ग्राहीच्या पेशीच्या आत असलेल्या भागात, एका लहानशा वळणावर बसलेले असते. त्याच वळणाला एमवायडी८८ सारखी पुढची प्रथिने येऊन जुळतात. म्हणजे एचईजेच्या पेशीवर ग्राही आहे, तो एलपीएस धरतोही, पण निरोप आत जात नाही. निरोगी पेशीत एमवायडी८८ मार्फत एनएफ-कप्पा-बी हा जनुकांना चालना देणारा घटक जागा होतो आणि टीएनएफ, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-१२ आणि न्यूट्रोफिलांना बोलावणारी रसायने बाहेर पडू लागतात. ट्रिफ नावाच्या दुसऱ्या जोडप्रथिनामार्फत इंटरफेरॉनचा वेगळा मार्ग सुरू होतो.

साल्मोनेला टोचल्यानंतर हा सारा खेळ पहिल्या काही तासांचा असतो. जिवाणू रक्तातून यकृत आणि प्लीहेत पोचतात आणि तिथल्या भक्षकपेशींत शिरतात. साल्मोनेलाचे वैशिष्ट्य असे की जी पेशी त्याला गिळते तिच्यातच तो वाढू शकतो. निरोगी उंदरात याच पेशी एलपीएस ओळखून इंटरल्यूकिन-१२ सोडतात, त्यामुळे नैसर्गिक मारक पेशी गॅमा-इंटरफेरॉन तयार करतात, आणि ते पुन्हा भक्षकपेशींना गिळलेले जिवाणू मारण्यास सज्ज करते. एचईजेमध्ये ही फेरी उशिरा आणि क्षीण सुरू होते, तेवढ्या अवधीत जिवाणूंची संख्या अनेक पटींनी वाढलेली असते. पुढे टीएलआर-२ आणि जिवाणूच्या शेपटीतले प्रथिन ओळखणारे इतर ग्राही जागे होतातच, म्हणून हा उंदीर पूर्णपणे असहाय नसतो. पण तोवर डाव हातचा गेलेला असतो. त्याचा मृत्यू एंडोटॉक्सिनबाबत बधिर असूनही होतो, यावरून जिवाणूंचा भार पुरेसा वाढला की मरणाला इतर वाटाही असतात हे दिसते.

उलट दिशेचा पुरावाही आहे. मालो यांच्या गटाने टीएलआर-४ च्या जास्तीच्या प्रती घातलेले उंदीर तयार केले तेव्हा एलपीएसला मिळणारा त्यांचा प्रतिसाद वाढला आणि साल्मोनेलाच्या संसर्गात त्यांना जगण्याचा फायदा मिळाला. ही बधिरता विशिष्ट आहे याची पडताळणीही झाली. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या ग्रॅम-धन जिवाणूला एलपीएस नसते. २००० मध्ये अकिरा यांच्या गटाने दाखवले की त्याच्या संसर्गात टीएलआर-२ किंवा एमवायडी८८ नसलेले उंदीर दुबळे ठरतात.

टीएनएफच्या पातळीवर हाच दुहेरीपणा पुन्हा दिसतो. टीएनएफचा ग्राही काढून टाकलेले उंदीर १९९३ मध्ये तयार झाले. गॅलॅक्टोसामाइन देऊन यकृत संवेदनक्षम केल्यावर एंडोटॉक्सिनची अत्यल्प मात्राही सर्वसाधारण उंदराला मारते. ग्राही नसलेले हे उंदीर त्यातून वाचले, आणि लिस्टेरिया या जिवाणूच्या संसर्गाने मात्र मेले. आतड्याला छिद्र पाडून पोटात संसर्ग घडवणाऱ्या प्रयोगांतही टीएनएफविरोधी प्रतिपिंडे दिलेल्या उंदरांची अवस्था अधिकच बिघडली. १९८५ च्या प्रयोगावरून जंतुदोषाच्या (सेप्सिसच्या) रुग्णांना टीएनएफरोधक औषध देण्याची जी आशा निर्माण झाली होती, ती नव्वदच्या दशकातील चाचण्यांत फळाला का आली नाही, याचे निदान अर्धे उत्तर या पिंजऱ्यांत आधीच होते. संधिवातावर तीच औषधे उत्तम लागू पडली. पण २००१ मध्ये इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफरोधक औषध घेणाऱ्या रुग्णांत सुप्त क्षयरोग उफाळून आल्याचे उघड झाले, आणि म्हणूनच आपल्याकडेही असे औषध सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची तपासणी करून घेतात.

निष्कर्षाला पडलेली मुरड

२०१३ मध्ये या प्रकरणात एक दुरुस्ती झाली, आणि ती मोठी आहे. दोन गटांनी ‘सायन्स’मध्ये दाखवले की टीएलआर-४ नसलेल्या उंदराला आधी दुसऱ्या मार्गाने, पॉली आयसी हे विषाणूच्या आरएनएची नक्कल करणारे द्रव्य देऊन, उत्तेजित केले आणि मग एलपीएस दिले, तर तोही मरतो. पेशीच्या आत पोचलेले एलपीएस कॅस्पेज-११ नावाचे प्रथिन ओळखते आणि पेशीला फुटून मरायला लावते. टीएलआर-४ चे एक काम म्हणजे हे कॅस्पेज-११ पुरेशा प्रमाणात तयार करवून घेणे. एचईजे उंदीर एंडोटॉक्सिन पचवतो तो बहुधा या दुसऱ्या यंत्रणेची तयारीच होत नाही म्हणून. टीएलआर-४ हा एलपीएस ओळखणारा एकमेव पहारेकरी आहे, हे १९९८ नंतर रूढ झालेले विधान त्यामुळे मागे घ्यावे लागते. संसर्गाविरुद्धच्या प्रतिकाराचा प्रारंभ त्याच्यापासून होतो, हे विधान मात्र अबाधित राहते.

उंदरावरून माणसाबद्दल बोलताना मात्रेचे भान ठेवले पाहिजे. निरोगी स्वयंसेवकांना वजनाच्या दर किलोमागे दोन ते चार नॅनोग्रॅम एंडोटॉक्सिनने थंडी वाजून ताप भरतो. उंदीर मारायला त्याच्या लाखो पट मात्रा लागते. टीएलआर-४ ला अडवणारे एरिटोरान हे औषध तीव्र जंतुदोषाच्या सुमारे दोन हजार रुग्णांवर तपासले गेले, आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांनुसार त्याने मृत्यू कमी झाले नाहीत. रुग्ण दवाखान्यात पोचतो तेव्हा संकेत कधीच उमटून गेलेला असतो. त्या टप्प्यावर ग्राही बंद करून काय साधणार, हा प्रश्न एचईजेच्या निरीक्षणांवरूनही विचारता आला असता.

प्लेगच्या जिवाणूची बाजू

हा संकेत यजमानाला खरोखर किती उपयोगी आहे हे पाहण्याची दुसरी रीत म्हणजे तो टाळण्यासाठी जिवाणू काय करतो हे पाहणे. १८९६ मध्ये मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात थैमान घालणाऱ्या प्लेगचा जिवाणू, यर्सिनिया पेस्टिस, पिसवेच्या शरीरातल्या कमी तापमानाला सहा मेदाम्ले असलेले लिपिड ए बनवतो. उंदराच्या किंवा माणसाच्या शरीरातल्या ३७ अंशांना पोचला की तो मुख्यतः चारच मेदाम्लांचे रूप बनवू लागतो, आणि ते टीएलआर-४ ला जवळपास जाणवतच नाही. म्हणजे इथे उंदीर निरोगी असूनही, या एका जिवाणूपुरता, एचईजेच्या जवळ जाऊन बसतो.

२००६ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात एगिल लीन यांच्या गटाने प्लेगच्या जिवाणूत ई. कोलायचे एक जनुक घातले, ज्यामुळे तो ३७ अंशांनाही सहा मेदाम्लांचे, ठळकपणे ओळखू येणारे लिपिड ए बनवू लागला. त्याच्या मारक क्षमतेची इतर सर्व साधने जागच्या जागी होती. तरीही मोठ्या मात्रेत टोचूनसुद्धा तो सर्वसाधारण उंदरांना मारू शकला नाही. उंदरांचे हे संरक्षण टीएलआर-४, त्याचा जोडीदार एमडी-२ आणि एमवायडी८८ हे जोडप्रथिन यांच्यावर पूर्णपणे अवलंबून होते. सीडी१४ आणि माल हे दुसरे जोडप्रथिन यांचाही त्याला मोठा हातभार होता. ज्या उंदरांत टीएलआर-४ नव्हते त्यांना तोच बदललेला जिवाणू मारत राहिला.